'गेट' नावाचं फाटक

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात बार्शीहून एका वाचक-भगिनीचं पत्र आलं. पत्र पाककृतीबद्दल नव्हतं, की साडीवरच्या डागाबद्दलही नव्हतं. ती लिहिते, "ताई, माझा मुलगा इंग्रजी माध्यमात पाचवीत आहे. त्याचा अभ्यास घेताना 'गेट' हा शब्द अडला. मी म्हटलं, गेट म्हणजे मिळणे. तर तो म्हणाला, 'मग इट इज गेटिंग डार्क म्हणजे काय? अंधार मिळतोय?' मी शब्दकोश उघडला. एका एवढ्याशा शब्दाखाली अर्थांची अशी रांग, की कोश मिटूनच टाकला. त्यावर मुलगा म्हणतो, 'जाऊ दे आई, तुला नाही कळणार.' ताई, तो शब्द एक वेळ राहू दे, पण ते 'तुला नाही कळणार' मनाला फार लागलं."

पत्र वाचलं आणि मला माझीच फजिती आठवली. ती आजवर घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. आज सांगते.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी पाचवीपासून. व्याकरण पक्कं, निबंध पाठ. आमचे इंग्रजीचे सर निबंधात 'गेट' दिसला की लाल शाईने फुली मारायचे. "गेट कसलं लिहिता? गेट म्हणजे फाटक! 'ऑबटेन' लिहा, 'रिसीव्ह' लिहा," असं म्हणायचे. आम्ही मुकाट्याने ऑबटेन लिहायचो. त्यामुळे झालं काय, की मोठमोठे शब्द यायला लागले आणि रोजच्या बोलण्यातला हा छोटा शब्द मात्र फाटकाबाहेरच राहिला.

पुढे २०१६ साली लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडला गेले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, सगळं बांधून नेलं होतं. इंग्रजीची शिदोरी मात्र ती शाळेतलीच. तिकडे सरळ बाळंतपण असेल तर ते डॉक्टर करत नाहीत, मिडवाइफ करते. मिडवाइफ म्हणजे सुईणच, पण रीतसर शिकलेली. कळा सुरू झाल्या. आम्ही रात्री दवाखान्यात पोचलो. जावई सामान आणायला खाली मोटारीकडे गेले आणि खोलीत लेक आणि मी, दोघीच. मिडवाइफ आली, तिने तपासलं आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाली, "शी इज गेटिंग देअर."

मी मनातल्या मनात भाषांतर केलं. शी इज, म्हणजे ती आहे. गेटिंग, म्हणजे पोचते आहे. देअर, म्हणजे तिकडे. ती तिकडे पोचते आहे!

बायांनो, आपल्याकडे 'तिकडे' जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या पायांतलं बळच गेलं. लेकीचा हात धरला आणि डोळ्यांना धार लागली. ती बिचारी मिडवाइफ गोंधळली. म्हणाली, "डोन्ट गेट अपसेट. आय विल गेट यू अ कप ऑफ टी." यातलं 'आय विल गेट यू' एवढंच मला ऐकू आलं आणि वाटलं, आता ही मलाही धरतेय की काय! तेवढ्यात दोन कळांच्या मधल्या उसंतीत लेक म्हणाली, "अगं आई, रडतेस काय? गेटिंग देअर म्हणजे होत आलंय. झालंच म्हण."

होत आलंय! चुलीवरच्या भाताला आपण जे म्हणतो, तेच. पहाटे नात झाली. चहाही आला, बिनसाखरेचा.

पुढे तीन महिने मी तिथे राहिले. बाळ झोपलं की दुधाच्या हिशेबाला ठेवतो तशी एक छोटी वही घेऊन बसायची आणि दिवसभरात कानावर पडलेले 'गेट' टिपून ठेवायची. त्या वहीतलंच आज तुमच्यापुढे मांडते आहे.

मुळात शब्द कुठला?

हा शब्द इंग्रजांच्या घरचा नव्हे, बाहेरून आलेला. हजार-अकराशे वर्षांपूर्वी उत्तरेकडचे, म्हणजे आजच्या डेन्मार्क-नॉर्वेकडचे दर्यावर्दी इंग्लंडवर चालून गेले. त्यांतले पुष्कळ तिथेच राहिले, तिथल्या माणसांत मिसळले. त्यांच्या बोलीत 'गेटा' असा शब्द होता. त्याचा अर्थ हाती येणे, मिळवणे. सुनेने सासरी यावं आणि हळूहळू सगळं घर तिच्याच हातात जावं, तसं या शब्दाचं झालं. 'फरगेट' हा त्याचाच नातेवाईक, पण आधीपासून इंग्लंडात नांदणारा. गेट म्हणजे हाती येणे आणि फरगेट म्हणजे हातातून निसटणे. विसरणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

हा मूळ अर्थ, 'हाती येणे', पदराला गाठ मारून ठेवा. बाकीचे अर्थ त्यातूनच फुटलेले आहेत.

घरातले सात अर्थ

पहिला, मिळणे. 'आय गॉट अ लेटर', म्हणजे मला पत्र मिळालं. 'गॉट' हे 'गेट'चं भूतकाळाचं रूप. हा अर्थ आपल्याला ठाऊक असतो, आणि घोटाळा होतो तोही यामुळेच. आपण हाच अर्थ सगळीकडे चिकटवत सुटतो.

दुसरा, आणणे. 'गेट सम मिल्क', थोडं दूध आण. स्वतःच्या हाती यायच्या ऐवजी दुसऱ्याच्या हाती द्यायचं, एवढाच फरक. माझ्या त्या चहाची गोष्ट हीच होती. मी तुम्हाला कपभर चहा आणून देते, असं ती माउली म्हणत होती.

तिसरा, होणे. इथेच बार्शीच्या मुलाचा अंधार येतो. 'इट इज गेटिंग डार्क', अंधार होतोय. 'गेट वेट', ओलं होणे. 'गेट ओल्ड', म्हातारं होणे. 'गेट मॅरिड', लग्न होणे. 'शी इज गेटिंग बेटर', तिला बरं वाटायला लागलंय. वस्तू हाती येते तशी एखादी अवस्था अंगी येते, असं समजा. 'आहे' आणि 'होतंय' यांतला फरक मात्र विसरू नका. 'द मिल्क इज हॉट' म्हणजे दूध गरम आहे. 'द मिल्क इज गेटिंग हॉट' म्हणजे गरम होतंय, गॅसपाशी उभ्या राहा!

चौथा, पोचणे. 'व्हेन डिड यू गेट होम?', घरी कधी पोचलीस? माझं 'गेटिंग देअर' याच घरातलं. पण तिथे 'देअर' म्हणजे कुठलं गाव नव्हे, तर काम पूर्ण होण्याची जागा. स्वेटर विणत आला, कर्ज फिटत आलं, मुलगी गाडी चालवायला शिकत आली, सगळ्याला 'गेटिंग देअर' चालतं.

पाचवा, समजणे. 'आय गॉट इट', कळलं मला. 'आय डोन्ट गेट इट', मला काही उमगत नाही. आपणही 'अर्थ हाती लागला' म्हणतोच की.

सहावा, करवून घेणे. हा फार उपयोगाचा, कारण इथे आपण सर्रास चुकतो. केस कापून आल्यावर आपण म्हणतो, 'आय कट माय हेअर.' त्याचा सरळ अर्थ होतो, मी स्वतः कात्री घेऊन माझे केस कापले. बाईकडून कापून घेतले असतील तर म्हणा, 'आय गॉट माय हेअर कट.' तसंच 'आय गॉट द मिक्सर रिपेअर्ड', मिक्सर दुरुस्त करून घेतला. वस्तूचं नाव आधी, क्रियेचा शब्द नंतर, एवढा क्रम सांभाळा.

सातवा, भाग पडणे. 'आय हॅव गॉट टू गो', मला जायलाच हवं. इथे मिळण्याबिळण्याचा काही संबंध नाही. कुणी 'आय हॅव गॉट टू कुक' म्हणाली, तर तिला स्वयंपाक मिळाला नाही, करायचा आहे!

शेपटीला धरा

आता ज्याला लोक खरे घाबरतात तो भाग. 'गेट'च्या मागे एखादा छोटा शब्द येतो आणि अर्थ पार बदलतो. मसाल्याच्या डब्यात चमचा एकच असतो, पण तो कुठल्या वाटीत जातो त्यावर चव ठरते, तसंच हे.

'गेट अप', उठणे. 'गेट बॅक', परत येणे. 'गेट रिड ऑफ', एकदाची ब्याद घालवणे, मग ती झुरळं असोत की रद्दी. 'गेट अलाँग', पटणे. 'दे गेट अलाँग वेल' म्हणजे त्यांचं चांगलं जमतं, मग त्या जावा-जावा असोत की शेजारणी. 'गेट बाय', भागवणे. महिनाअखेरीला आपण जे करतो ते.

'गेट थ्रू'चे दोन उपयोग. परीक्षेतून पार पडणे हा एक. दुसरा टेलिफोनचा. 'आय कुडन्ट गेट थ्रू', म्हणजे फोन लागला नाही.

बसमध्ये आणि आगगाडीत चढताना 'गेट ऑन', उतरताना 'गेट ऑफ'. पण मोटारीत किंवा टॅक्सीत बसताना 'गेट इन' आणि उतरताना 'गेट आउट'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे ऑन-ऑफ, जिथे वाकून शिरावं लागतं तिथे इन-आउट, अशी खूण मी माझ्यापुरती करून ठेवली आहे. जावयांनी पहिल्यांदा मोटारीचं दार उघडून "आई, गेट आउट" म्हटलं असतं, तर मी उलट्या पावली मुंबईचं विमान गाठलं असतं. आपल्याला तो शब्द सिनेमातल्या रागीट बापामुळे ठाऊक!

आणि एक 'गेट ओव्हर'. याचा अर्थ सावरणे. ताप, धक्का, दुःख यांतून बाहेर येणे. विसरणे नव्हे, हं. आमच्या शेजारच्या एका इंग्रज आजीबाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, "आय हॅवन्ट गॉट ओव्हर इट. आय गेट बाय." मी अजून सावरले नाही, पण दिवस निभावते आहे. दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच. त्या दिवशी मला वहीत बघावं लागलं नाही. त्यांच्या अंगणात आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्याच बसून राहिलो.

आणि आपलं 'लागणे'?

आता बार्शीच्या भगिनीला एक विचारते. तुम्ही पत्रात लिहिलंत, 'मनाला फार लागलं.' हे 'लागणे' तुम्हाला कुणी शिकवलं? त्याचे अर्थ कधी मोजलेत?

भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते. मुलाला नोकरी लागते, मुलीला वेड लागतं. कामाला वेळ लागतो, भाजीला मीठ लागतं, दूध तळाला लागतं. पाऊस लागून राहतो, दार आपोआप लागतं, हरवलेल्याचा पत्ता लागतो, निकाल लागतो. बाळ रडायला लागतं, आपल्याला उठावं लागतं. 'तो तुमचा कोण लागतो?' असंही आपण विचारतो. आणि फोनसुद्धा लागतो. 'गेट थ्रू'च्या जागी आपण हेच वापरलं, आठवतं ना?

परक्या माणसाने हे शिकायचं म्हटलं तर त्याच्या तोंडाला फेसच यायचा. मोलस्वर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मोठा मराठी-इंग्रजी शब्दकोश केला, तो १८३१ साली छापला गेला. 'लागणे'शी येताना त्या साहेबालाही घाम फुटला असेल. आणि आपण हे सगळं शाळेत जायच्या आधीच, परकर सावरता सावरता शिकलो. ज्या डोक्यात एवढं 'लागणे' मावलं, त्यात 'गेट' मावणार नाही होय?

आपण 'लागणे'चे अर्थ पाठ केले नाहीत. भूक शब्दाशेजारी ते कसं वागतं आणि ठेच शब्दाशेजारी कसं, ते ऐकत ऐकत कळलं. 'गेट'चंही तेच. एकट्या शब्दाचा अर्थ विचारू नका. शेजारी कोण बसलंय ते बघा. पुढे वस्तू आली तर मिळणे किंवा आणणे. पुढे गुण किंवा अवस्था आली तर होणे. पुढे जागा आली तर पोचणे. एवढ्या तीन खुणांवर निम्म्याहून अधिक काम भागतं.

इंग्रजांनाही सुटलेलं नाही

असे बहुअर्थी शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत, आणि ते सगळे रोजच्या वापरातले, लहानखुरे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली, त्यात सगळ्यांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे नव्या आवृत्तीचं काम चालू असताना, २०११ च्या सुमारास, 'रन' या क्रियापदाने त्याला मागे टाकलं. त्याचे ६४५ अर्थ निघाले! तेव्हा कोश बघून तुम्ही दचकलात, यात तुमचं काही चुकलं नाही.

पण याची दुसरी बाजूही ऐका. ऑग्डेन नावाच्या इंग्रज विद्वानाने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' म्हणून एक सोपी इंग्रजी मांडली. परदेशी माणसाने ८५० शब्द शिकावेत आणि काम चालवावं, अशी कल्पना. त्या ८५० शब्दांत क्रियापदं किती असावीत? फक्त १८! त्यांत 'गेट' आहे. त्याच्या जोडीला गिव्ह, टेक, पुट, मेक, कम, गो, कीप अशी मंडळी. म्हणजे अर्थांची संख्या बघून जो शब्द बोजा वाटतो, तोच खरं तर आपला भार हलका करतो. एक 'गेट' नीट हाताशी आला की ऑबटेन, रिसीव्ह, बिकम, अराइव्ह, अंडरस्टँड असे पाच शब्द नसले तरी अडत नाही.

मग आमचे सर चुकले का? तसं नाही. 'गेट' हा घरच्या सुती साडीसारखा. दिवसभराच्या कामाला तीच बरी, पण लग्नाला नेसून जात नाहीत. शाळेला, बँकेला, सरकारी कचेरीला पत्र लिहायचं असेल तर 'आय रिसीव्ह्ड युअर लेटर' हेच शोभतं. सरांनी शालू नेसायला शिकवलं, रोजची साडी शिकवायची राहून गेली, इतकंच.

अमेरिकेत मुलगा-सून असणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तिकडच्या बोलण्यात 'गॉटन' असं रूप ऐकू येईल. 'शी हॅज गॉटन टॉल', ती उंच झालीय. ते चुकीचं नाही. हे रूप जुनंच आहे. इंग्लंडात ते बोलण्यातून मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. नातवंडांना त्यावरून टोकू नका.

काय कराल?

१. एक छोटी वही करा. आठवड्याला एकच अर्थ घ्या, जास्त नको.

२. कोशातलं वाक्य उतरवू नका. स्वतःच्या घरातलं वाक्य करा. 'द राइस इज गेटिंग कोल्ड' हे वाक्य जेवायला हाका मारताना रोज वापरता येतं. आठ दिवसांत जिभेवर बसतं.

३. मराठीत आधीच शिरलेले 'गेट' गोळा करा. शाळेच्या जुन्या मैत्रिणींचं गेट-टुगेदर, नाटकातला गेटअप, आजारी माणसाला पाठवायचं 'गेट वेल सून' (२००६ च्या मुन्नाभाईच्या सिनेमापासून तर ते घरोघरी गेलं). म्हणजे आपली सुरुवात शून्यापासून नाही.

४. अडलं तर मुलांना विचारा, आणि बदल्यात त्यांना एक मराठी शब्द विचारा. फिट्टंफाट.

हे शेवटचं मी अनुभवाने सांगते. माझी ती पहाटेची नात आता शाळेत जाते. घरी मराठी बोलते, पण तिकडच्या चालीचं. परवा फोनवर म्हणाली, "आजी, मला भूक मिळाली."

मी क्षणभर गप्प झाले. मग लक्षात आलं. ती म्हणत होती, 'आय गॉट हंग्री.' तिने 'गेट'चा एकच अर्थ धरला आणि मराठीला चिकटवला. मी त्या दवाखान्यात केलं होतं अगदी तेच, फक्त उलट बाजूने. लेक मागून हसत होती. मी म्हटलं, हसू नकोस गं तिला. आणि नातीला म्हटलं, "भूक मिळत नाही बाळा, लागते. आणि अजून काय काय लागतं, सांगू का?" आता दर रविवारी आमचा हा खेळ चालतो. ती मला एक 'गेट' देते, मी तिला एक 'लागणे' देते. तिची वही माझ्या वहीपेक्षा जाड झाली आहे.

तेव्हा बार्शीच्या ताई, आज संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसला की त्याला सांगा, अंधार मिळत नाही, होतो. आणि मग सहज विचारा, "बाळा, निकाल लागतो, ठेच लागते, दार लागतं आणि मामा लागतो, तर या लागण्याचा अर्थ काय रे?" तो डोकं खाजवायला लागला की रागावू नका, आणि 'तुला नाही कळणार' असं तर मुळीच म्हणू नका. जवळ बसवून घ्या आणि म्हणा, "यू आर गेटिंग देअर."

काय झालं ते मला जरूर कळवा. वाट बघते.

तुमची,
ताई